पस्तिसावी स्लाइड

कल्पना करा, तुम्ही डेव्हलपर आहात आणि कंपनीने तुम्हाला दोन दिवसांच्या एका मोठ्या परिषदेला पाठवलंय. सकाळी साडेआठला तुम्ही काचेच्या दारातून आत शिरता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला तुमच्या नावाचं कार्ड, आणि ते कार्ड हटकून उलटं फिरलेलं. आत तीन हजार माणसं. सहा हॉल, सहाही हॉलमध्ये एकाच वेळी भाषणं. म्हणजे तुम्ही कुठेही बसलात तरी पाच ठिकाणचं हुकणारच. शिवाय तळमजल्यावर स्टॉल, वरच्या मजल्यावर वर्कशॉप, आणि कॉफीची रांग अशी, की तिच्यात उभं राहिलात तर सहावंही हुकतं. या सगळ्यातून दोन दिवसांत पदरात पडेल तेवढं पाडून घ्यायचंय. कसं कराल?

बहुतेक जण पळतात. या हॉलमधून त्या हॉलमध्ये, अर्धं इथलं, पाव तिथलं. दुपारी तीनला तेच लोक एखाद्या खांबाला टेकून जमिनीवर बसलेले दिसतात. फोन चार्जिंगला लावलेला, मांडीवर फुकटचे तीन टी-शर्ट, त्यातला एकही मापाचा नाही.

वहीवालीचं पहिल्या वर्षी हेच झालं होतं. वहीवाली हे तिचं ऑफिसातलं नाव. समोर लॅपटॉप उघडा असतानाही ती कागदाच्या वहीत पेनने लिहायची, म्हणून. घरात कॉलेजात गेलेली ती पहिलीच. त्यामुळे कुठे काय करायचं असतं हे विचारायला तिला कुणी नव्हतं. परिषदेत तर नव्हतंच.

त्या खांबापाशी तिच्या शेजारी येऊन बसली ती ताई. ताई त्यांच्या टीमची प्रमुख. वयाने ताईहून मोठे असलेले साहेबसुद्धा तिला ताईच म्हणत.

"किती भाषणं ऐकलीस?"

"सात."

"त्यातलं एक सांग."

वहीवाली वहीची पानं उलटत राहिली.

"हे बघ," ताई म्हणाली, "भाषणं कुठे पळून जात नाहीत. महिन्याभरात सगळ्यांचं रेकॉर्डिंग येतं. घरी भाजी निवडता निवडता ऐक. माणसं मात्र परवा इथे नसतात."

आणि तिने वहीवालीच्याच वहीत सगळं लिहून दिलं. दिवसाला तीनच भाषणं. पुढून तिसरी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे प्रश्नाच्या वेळी कुणाच्या पायावर पाय न देता माइकपर्यंत पोचता येतं. भाषणाआधी डाव्या पानावर आपला प्रश्न लिहायचा, उत्तर मिळालं तर उजव्या पानावर. स्लाइड आवडली की तिचा कोपऱ्यातला नंबर टिपायचा, फोटो काढत बसायचं नाही. जेवायला आपल्या ऑफिसच्या माणसांबरोबर बसायचं नाही. आणि शेवटचं, ज्याच्याखाली ताईने दोन रेघा मारल्या होत्या: आपलं अडलेलं आणि आपल्याला सुटलेलं, दोन्ही मोकळेपणाने सांगायचं. झाकून ठेवलंस तर समोरचाही झाकतो.

तेव्हापासून चार वर्षं दर परिषदेच्या आदल्या आठवड्यात ताई तिला बोलावून घ्यायची आणि दोन दिवसांचं वेळापत्रक स्वतःच्या हाताने आखून द्यायची. कुठल्या तासाला कुठे, कुणाला गाठायचं, काय विचारायचं. वहीवाली ते तंतोतंत पाळायची. परत आल्यावर शुक्रवारी चहाच्या खोलीत 'वाटप' असायचं. जो परिषदेला जाऊन आला त्याने, न गेलेल्यांना तासभर सगळं सांगायचं, असा टीमचा शिरस्ता. वहीवालीचं वाटप ऐकायला शेजारच्या टीमचे लोकही खुर्च्या उचलून यायचे. त्यातून तिच्या मनात एक इच्छा रुजली. एकदा आपण त्या खुर्च्यांमधून उठून स्टेजवर जायचं आणि आपलं काहीतरी सांगायचं.

सांगण्यासारखं तिच्याकडे खरंच होतं.

त्यांची कंपनी औषधं नेणाऱ्या थंड ट्रकांवर लक्ष ठेवायची. ट्रकमध्ये तापमान मोजणारं यंत्र, आणि तापमान वाढलं की गोदामात अलार्म. गोची अशी, की माल उतरवताना दार उघडलं तरी अलार्म व्हायचा. दिवसाला तीन-तीनशे. शेवटी गोदामवाल्यांनी त्याकडे लक्ष देणंच सोडलं. मग एके दिवशी एका ट्रकचं कूलिंग खरोखरच बंद पडलं, अलार्म वाजला, आणि कुणी जागचं हललं नाही. अख्खा ट्रकभर औषध वाया गेलं.

टीमने पुष्कळ हिशेब मांडले, आलेख काढले. वहीवालीने वडिलांना विचारलं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. तीस वर्षं वेगवेगळ्या इमारतींच्या माळ्यांवर, तेलाचे हात घेऊन.

"लिफ्टचं दार किती वेळ उघडं ठेवायचं, ते कसं ठरवता बाबा?"

"कंपनी एक आकडा देते," ते म्हणाले. "तो आम्ही लावत नाही. खाली तासभर उभं राहायचं आणि त्या इमारतीतला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस शोधायचा. दार त्याच्यासाठी असतं. बाकीचे काय, उडी मारूनही आत येतात."

वहीवाली रजा टाकून तीन दिवस गोदामाच्या अंगणात घड्याळ घेऊन उभी राहिली. हमाल आधी हसले. मग त्यांच्यात तिला चहा मिळू लागला. सगळ्यात सावकाश होते गुडघेवाले काका. उजवा गुडघा आखडलेला, पण पेटी कधी आपटायचे नाहीत. दार उघडणं, पेटी उचलणं, पायरी उतरणं, वळून दार लावणं: एकोणचाळीस सेकंद. वहीवालीने त्यात दोन मिळवले.

"दोन कशाचे?" काकांनी विचारलं होतं.

"तुमच्या श्वासाचे."

तापमान वाढलं की अलार्मने एक्केचाळीस सेकंद थांबायचं. तोवर तापमान उतरायला लागलं नाही, तरच ओरडायचं. अलार्म तीनशेवरून चारवर आले, आणि ते चारही खरे.

हा कोड तपासायला तिने खोटे ट्रक केले होते आणि त्यांना नावं दिली होती घरातली. 'आत्या' चार तास गप्प बसायची आणि मग सगळं एकदम बोलायची. 'मावशी' तेच तेच दोनदा सांगायची. 'काकू'चं घड्याळ कायम दहा मिनिटं मागे. टीममधला टेस्टर, ज्याला सगळे शंकासुर म्हणत, तो रोज सकाळी आल्या आल्या विचारायचा, "काय, आत्या बोलली का आज?"

हे सगळं तिने ताईला सांगितलं होतं. गेल्या परिषदेत, दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या वेळी. नियम मोडून दोघी एका टेबलावर बसल्या होत्या. बाबांची लिफ्ट, काकांचा गुडघा, श्वासाचे दोन सेकंद, सगळं. ताई हातातला चमचा खाली ठेवून ऐकत होती. इतकं लक्ष देऊन वहीवालीचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मध्येच ताईने विचारलंही, "एकोणचाळीस तू एकदाच मोजलेस, की सरासरी?" वहीवालीला त्या प्रश्नाचाच केवढा आनंद झाला होता.

त्यानंतर तिने या वर्षीच्या परिषदेसाठी भाषणाचा अर्ज लिहिला आणि आधी ताईला दाखवला.

"चांगलंय," ताई म्हणाली. "पण एक्केचाळीस सेकंदांवर चाळीस मिनिटं बोलणार कशी? जीव लहान आहे गं विषयाचा. अजून एक वर्ष पिकू दे."

वहीवालीने अर्ज पाठवला नाही. ताईचं स्वतःचं भाषण मात्र निवडलं गेलं: 'लहान टीम, मोठं काम'. ऑफिसात ताईने त्याची तालीम दोनदा केली. कामं कशी वाटायची, नव्या माणसाला कसं सांभाळायचं, असलं सगळं. वहीवालीने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

या वर्षीचं वेळापत्रकही ताईनेच आखलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, म्हणजे ताईच्या भाषणाच्या वेळी, तिने वहीवालीला वरच्या मजल्यावरच्या वर्कशॉपला घातलं.

"पण अकराला तुम्ही बोलणार ना ताई? मी समोर बसते की."

"तुला पाठ झालंय ते. माझ्यासाठी तास कशाला फुकट घालवतेस? तिथे हाताने काम करायला मिळेल."

आपल्याच माणसाला आपला एवढा विचार, म्हणून वहीवाली तो अख्खा दिवस खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अकराला पाच मिनिटं असताना ती वर्कशॉपच्या खोलीपाशी पोचली. दारावर कागद चिकटवलेला: शिकवणाऱ्यांचं विमान उशिरा येतंय, वर्कशॉप दुपारी तीनला. दाराबाहेर उभे असलेले लोक कुरकुरत पांगले. वहीवाली कुरकुरली नाही. उलट तिला वाटलं, बरंच झालं. ती जिने उतरून, स्टॉलच्या गर्दीतून वाट काढत, मोठ्या हॉलकडे जवळजवळ धावत गेली. कारण काय, तर ताईला आपण अचानक समोर दिसू.

आत शिरायला पाच-सात मिनिटं उशीर झालाच. तिसरी रांग कसली, बसायलाच जागा नव्हती. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, वही उघडली आणि पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर तीन ट्रक होते. आत्या, मावशी, काकू.

"ही आमची आत्या," ताई सांगत होती. "चार तास एक शब्द नाही. आणि बोलायला लागली, की सगळं एकदम." हॉलमध्ये हशा पिकला. "तुमच्याकडेही असेल अशी एखादी." पुन्हा हशा. वहीवालीच्या शेजारचा माणूस खांदे हलवत हसत होता आणि तिने हसावं म्हणून तिच्याकडे बघत होता. ती हसलीसुद्धा. चेहऱ्याला अजून काही कळलं नव्हतं.

मग आलं गोदाम. मग तीनशे अलार्म. मग वाया गेलेलं औषध. प्रत्येक स्लाइड आली की पुढची कुठली असेल ते वहीवालीला माहीत होतं, कारण तो तिचाच अर्ज होता, त्याच क्रमाने. ताई बोलत होती तेही खोटं नव्हतं. "आम्ही शोधलं", "आम्हाला दिसलं", "आम्ही ठरवलं." टीम म्हणून बोलताना असंच बोलतात. आम्ही या शब्दात वहीवालीही बसत होती. तीन हजारांतली कुणीही बसली असती तशी.

सवयीने तिचा हात नंबर टिपत होता. अठरा. एकवीस. तिसाव्या स्लाइडवर नुसता आकडा होता, पडदाभर: ४१.

चौतिसावीवर 'प्रश्न?' असं आलं. टाळ्या पडल्या आणि वहीवाली चालायला लागली. रांगेत तिच्यापुढे दोघं होते. उभी असताना तिने डाव्या पानावर प्रश्न लिहिला.

"एक्केचाळीसच का?" तिने माइकमध्ये विचारलं.

स्टेजवरच्या दिव्यांमुळे ताईला आधी दिसलं नसावं. तिने डोळ्यांवर हात धरला. आणि मग ती हसली, अगदी नेहमीचं, खांबापाशी बसतानाचं हसू.

"छान प्रश्न. हा आकडा आम्ही हवेतून काढला नाही. दोन कोटी नोंदींचा अभ्यास केला, त्यातून तो वर आला." हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. "आणि सांगायला अभिमान वाटतो, प्रश्न विचारणारी ही मुलगी माझ्याच टीमची. माझ्या हाताखाली तयार झालेली. तिच्यासाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ देत."

टाळ्या झाल्या. वहीवाली माइकपाशी उभी होती आणि अख्खा हॉल तिच्यासाठी टाळ्या वाजवत होता. इतकी वर्षं तिने मनात जे चित्र रंगवलं होतं, ते थोडंफार असंच होतं. पाठीमागच्या माणसाने हळूच म्हटलं, "झालं ना तुमचं?" आणि ती बाजूला झाली.

ताईने तिला कॉफीच्या रांगेत गाठलं.

"अगं, तू वर्कशॉपला होतीस ना?"

"ते तीनवर गेलं. तुमच्या जुन्या भाषणाचं काय झालं ताई?"

"आयोजकांना कोरडं वाटलं ते. म्हणाले, एखादं खरं उदाहरण घाला. गेल्या आठवड्यात सगळं बदलावं लागलं. तुला सांगायचंच होतं, पण धावपळीत..." ताईने तिच्या दंडावर हात ठेवला. "आणि ऐक, तुझं नाव होतं हं. शेवटच्या स्लाइडवर. 'प्रश्न' नंतर. वेळ संपली आणि ती दाखवायचीच राहिली."

"आणि दोन कोटी नोंदी?"

"आता स्टेजवरून हमालाचा गुडघा कसा सांगायचा गं? लोकांना आकडे लागतात."

मागून कुणीतरी ताईला हाक मारली, कार्ड पुढे करत. ताई वळली. वहीवालीच्या हातात कॉफी आली, ती तिने उभ्या उभ्या प्यायली आणि ठरल्याप्रमाणे तीनला वर्कशॉपला गेली. तिथे खरंच हाताने काम करायला मिळालं. ताईचं वेळापत्रक तसं कधीच चुकायचं नाही.

शुक्रवारी चहाच्या खोलीत वाटप होतं. ताई कोपऱ्यात, कप घेऊन. वहीवालीने वर्कशॉपबद्दल सांगितलं, भेटलेल्या दोन माणसांबद्दल सांगितलं. मग शंकासुराने तोंड उघडलं.

"ताईंचं भाषण म्हणे फार गाजलं. आत्या फेमस झाली म्हणे. तू तर माइकवर होतीस. काय विचारलंस?"

"एक्केचाळीस का, ते विचारलं."

"तू विचारलंस?" शंकासुर हसायला लागला. "म्हणजे आचाऱ्यानेच पंगतीत विचारावं, मीठ कुणी घातलं."

कुणी हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू ओसरलं. त्याने एकदा वहीवालीकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि कपात बघत बसला.

वहीवालीने वही मिटली आणि सांगायला सुरुवात केली. बाबांची लिफ्ट. अंगण. काका पेटी कशी धरतात, पायरीवर कुठला पाय आधी टाकतात. एकोणचाळीस. श्वासाचे दोन. तिने आवाज चढवला नाही, कुणाकडे रोखून पाहिलं नाही. सगळं मोकळेपणाने सांगितलं, दोन रेघा मारलेल्या नियमाप्रमाणे. ताई कप खाली ठेवून ऐकत होती, गेल्या वर्षी त्या टेबलावर ऐकत होती तशीच, मान किंचित तिरकी करून. वहीवालीला ते बघवेना.

सांगून झाल्यावर ताई म्हणाली, "किती सुंदर सांगतेस. हे घालायलाच हवं होतं."

सोमवारी परिषदेच्या साइटवर सगळ्यांच्या स्लाइड आल्या. वहीवालीने ताईची फाइल उघडली. चौतीसवर 'प्रश्न?', आणि त्यानंतर पस्तीस. पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी. पहिल्या ओळीत वहीवालीचं पूर्ण नाव. दुसऱ्या ओळीत: 'जिने अंगणात उभं राहून मोजलं.'

तिने फाइलची तारीख पाहिली. आयोजकांनी चढवताना सगळ्याच फाइलींवर सोमवारची तारीख पडली होती. तिने वहीतलं पान काढलं. चौतीसपर्यंतचे नंबर होते. स्लाइडच्या कोपऱ्यात नुसता नंबर असायचा, एकूण किती ते नसायचं. कुठून कसं बघावं, हे तिला एरवी लगेच सुचतं. त्या दिवशी तिने सुचेल ते सगळं करून पाहिलं आणि काहीच हाती लागलं नाही.

संध्याकाळी तिने ती स्लाइड बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून मुलीचं नाव दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलंय की," ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, "नाही का?"

तिने सगळं सांगितलं.

"मग विचार तिला सरळ."

"विचारलं तर हो म्हणेल."

"आणि नाही म्हणाली तर?"

"नाही म्हणणार नाही बाबा. स्लाइड बुधवारी नसली तरी हो म्हणेल, आणि असली तरीही हो म्हणेल. मला त्यातून काय कळणार?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या कामात अशी गोष्ट नसायची. दार एकतर बंद होतं, नाहीतर होत नाही.

पुढच्या वर्षीच्या अर्जांसाठी साइट उघडली आहे. वहीवालीचा जुना अर्ज लॅपटॉपमध्ये तसाच आहे, आणि तो आता तिला पाठवता येणार नाही. लोक म्हणतील, हे तर ताईंचं. नवीन काहीतरी सुचेल. ताईने परवाच विचारलं, "यंदा कशावर काम करतेयस? सांग ना." वहीवाली म्हणाली, "अजून काही नाही ताई," आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ऑफिसात वही ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

त्या वहीत त्या दिवसाचं उजवं पान अजून कोरं आहे. डाव्या पानावरचा, माइकपाशी विचारलेला प्रश्न तिने खोडला आहे. त्याचं उत्तर तिला आधीपासून ठाऊक होतं. त्याखाली दुसरा लिहिला आहे, आणि तो ती अजून कुणालाच विचारू शकलेली नाही: बुधवारी सकाळी, ताई माझ्यासाठी टाळ्या वाजवायला सांगत होती तेव्हा, चौतिसाव्या स्लाइडच्या मागे पस्तिसावी होती का?